लांब रोटीच्या शोधात : सांगली ते सातारा

नागपूर सोडून आम्ही सांगलीला आलो त्याला येत्या मार्चमध्ये दोन वर्षे होतील. बदली कारकुनाला चुकत नाही. महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूर ते सांगली म्हणजे जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र. एकाच राज्यात आहोत खरे, पण गाडीतून उतरल्यावर बोली वेगळी, पाणी वेगळे आणि ताट तर अगदीच वेगळे. आमची मुले ‘मले-तुले’ म्हणत शाळेत गेली तेव्हा वर्गातली पोरे हसली. महिन्याभरात तीच मुले घरी येऊन ‘काय करतासा’ असे विचारू लागली. ऑफिसातील मंडळींनी पहिल्याच दिवशी पुडीतले भडंग पुढे केले. लसूण-मिरचीचे ते खमंग चुरमुरे आम्हांला इतके आवडले की आता नागपूरला जाताना पिशवीत दोन किलो भडंग असतेच. सांगलीने आम्हांला उपाशी ठेवले, असे म्हणता येणार नाही.

सहा महिन्यांनी आई आली. वडील गेल्यानंतर ती नागपुरातील आमच्या जुन्या वस्तीत एकटीच राहत होती. ती आली आणि जेवेनाशी झाली. ज्वारीची भाकरी तिला चाले, पण दोन घास खाऊन ताट सरकवायची. डॉक्टरांनी तपासले, काही निघाले नाही. एका रविवारी ती सहज बोलून गेली, “इकडं कोनी रोटी करत नाही का रे?”

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे ‘रोटी’ म्हणजे लांब रोटी. कोणी मटका रोटी म्हणतात, कोणी लांब पोळी म्हणतात. गव्हाचे पीठ कापडातून चाळून घ्यायचे, मीठ घालून ते सैल भिजवायचे, आणि पाण्याचा हात लावून परातीत आपटत राहायचे. अर्धा-पाऊण तास आपटल्यावर त्याला तार येते. तार येणे म्हणजे काय, ते आईच्या हाताला कळते, आम्हांला सांगता येणार नाही. मग त्यातला गोळा घेऊन दोन्ही हातांवर तो झुलवायचा. लाटणे नाही, पोळपाट नाही. पीठ आपल्याच वजनाने मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत जाते, आणि खालून विस्तव लावलेल्या पालथ्या मडक्यावर ते अलगद टाकायचे. मिनिटभरात रोटी तयार. पातळ इतकी की पलीकडचे दिसावे, आणि लांब इतकी की ताटात घडी घालूनच वाढावी लागते. उन्हाळ्यात आमरसाबरोबर आणि एरवी मटणाच्या काळ्या रश्श्याबरोबर. नागपुरातल्या आपल्या वस्त्यांमधून कित्येक बायांनी या रोट्या करून विकून संसार चालवले आहेत. आमची आई त्यांपैकीच एक. आमच्या बी.कॉम.ची फी त्या मडक्यावरून आलेली आहे.

तेव्हा आईसाठी रोटी शोधणे हे आमच्याकडे लागले. शोध हॉटेलांपासून सुरू झाला. एका हॉटेलाच्या पाटीवर ‘खास नागपुरी’ अशी अक्षरे पाहून आम्ही सहकुटुंब आत शिरलो. पुढे आली ती रुमाली रोटी आणि तिच्याबरोबर तांबडा रस्सा. रुमाली मैद्याची असते आणि ती पालथ्या लोखंडी कढईवर भाजतात. दिसायला बहीण वाटली तरी चव वेगळी. गल्ल्यावरचे गृहस्थ म्हणाले, “एकच की वो साहेब, नाव तेवढं वेगळं.” आम्ही वाद घातला नाही. नागपुरात ‘कोल्हापुरी’ म्हणून जो लालभडक पदार्थ मिळतो तो खाऊन कोल्हापूरच्या माणसाला काय वाटत असेल, ते त्या दिवशी आम्हांला समजले. आईने रुमाली उलटून पाहिली आणि मुलीच्या ताटात टाकली.

त्याच सुमारास मुलाचा वाढदिवस आला, आणि त्याला पिझ्झा हवा होता. काचेपलीकडे एक पोरगा कणकेचा गोळा हातावर फिरवत होता. मुलगा ओरडला, “बाबा, आजीसारखं!” आई काचेला नाक लावून पाहत राहिली. नंतर म्हणाली, “पीठ बरं भिजवलंय. पन लई जाड ठेवतो.”

आम्हांला वाचायची सवय आहे, म्हणून या पिझ्झ्याची थोडी चौकशी केली. तो इटलीतील नेपल्स शहराचा. बंदरावरच्या, गल्लीबोळांतल्या गरीब कष्टकऱ्यांचे ते उभ्याने खायचे स्वस्त अन्न. पीठ, पाणी, मीठ आणि खमीर, एवढेच. लाकडाच्या भट्टीत तो दीड मिनिटाच्या आत भाजला जातो. तेथील कारागिरांनी १९८४ मध्ये संघटना काढली आणि खरा नेपल्सचा पिझ्झा कोणता याचे नियम लिहून ठेवले. २०१७ मध्ये युनेस्कोने त्या हातांच्या कलेला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले. एकेकाळी ज्या अन्नाला प्रतिष्ठित लोक नाक मुरडत, त्याचा हा प्रवास. आमच्या आईच्या रोटीचे नियम कोणी लिहिलेले नाहीत. आपल्या अन्नावर लिहिण्याचे काम आता कुठे सुरू झाले आहे. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ मध्ये आले. ते मराठवाड्यातल्या आपल्या घरांतल्या चुलींवरचे आहे. आमच्या सामाजिक कामाच्या पिशवीत पावती-पुस्तकाशेजारी ते कितीतरी दिवस होते.

शेवटी घरीच करू, असे ठरले. अडचणी निघाल्या त्या अशा.

गहू आणायला आम्ही पेठेत गेलो. दुकानदाराने प्रेमाने खपली गहू दिला. सांगली-सातारा-कोल्हापूरकडे खपलीला फार मान, त्याची खीर तर अप्रतिम होते. पण आईने तासभर आपटूनही त्या पिठाला तार येईना. हातावर घेतले की तुटे. पुढे एका शेतकी पदवीधर मित्राने कारण सांगितले : खपलीतला चिकटपणा नाजूक असतो, पीठ ताणले की साथ सोडते. रोटीला लोकवन हवा. हा लोकवन म्हणजे गुजरातेतील सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेने काढलेला ‘लोक-१’ वाण. इंग्रजी ‘वन’चे बाजारात ‘लोकवन’ झाले आणि आम्ही इतकी वर्षे त्याला जंगलातला गहू समजत होतो. असो.

मडक्यासाठी कुंभाराकडे गेलो. त्यांनी आमच्याकडे दयेने पाहिले. “पाण्याचा माठ विस्तवावर ठिवला तर फुटंल की. तुमाला वाळू जास्त घातलेलं, बुडाला जाड पायजे.” ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर गेले होते. तेव्हा त्यांची भट्टी आणि साठवलेली माती दोन्ही गेली. तेव्हापासून ते स्वयंपाकाची भांडी करीत नाहीत, फक्त माठ आणि पणत्या करतात. तरी आईने हातवारे करून आकार समजावला, आणि त्यांनी एक करून पाहतो असे कबूल केले.

राहिला विस्तव. इथे खरी अडचण होती आणि ती आम्ही आजवर कोणाला सांगितलेली नाही.

सांगलीत भाड्याचे घर शोधताना तीन ठिकाणी आम्हांला नकार मिळाला होता. पहिल्या दोन ठिकाणी आम्ही ‘बौद्ध’ असे स्पष्ट सांगितले होते. एकाकडे दुसऱ्या दिवशी ‘पाहुणे यायचेत’ असे निघाले. दुसऱ्याने सरळ भाडे दीडपट केले. तिसऱ्याने काही कारणच दिले नाही. चौथे घरमालक म्हणाले, “तुमचं आडनाव आमच्याकडं नाही. नागपूरकडचे का?” आम्ही “हो” म्हणालो. ते पुढे काही विचारण्याची वाट पाहत राहिलो, त्यांनी विचारले नाही, आणि आम्हीही सांगितले नाही. बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत लागला. वीस वर्षे जयंतीच्या स्टेजवरून स्वाभिमानावर बोलणारा हा माणूस! पत्नी त्या रात्री एवढेच म्हणाली, “मुलांची शाळा सुरू व्हायची आहे. राहू द्या आता.”

गच्चीवर चूल मांडून मडक्यावर रोटी करायची म्हणजे घरमालक वर येणार आणि हे कोणाकडचे खाणे असे विचारणार. म्हणून आम्ही आईला निरनिराळी कारणे सांगत राहिलो. लाकडे ओली आहेत, मडके अजून झाले नाही, गच्चीची किल्ली मिळत नाही. आई गप्प बसे. तिला कळत होते असे आता वाटते.

अशात साताऱ्याच्या एका कार्यकर्त्याने फोनवर सांगितले की त्यांच्या वस्तीत वर्ध्याकडून लग्न होऊन आलेल्या एक मावशी आहेत आणि त्या पूर्वी अशी रोटी करीत. आम्हांला ७ नोव्हेंबरला साताऱ्याला जायचेच होते. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. तीच आजची प्रतापसिंह हायस्कूल. २०१७ पासून राज्यात हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. एक दिवसाची किरकोळ रजा टाकली, मुलांच्या शाळेला चिठ्ठी दिली आणि आईसह सगळे सकाळच्या गाडीत बसलो.

सांगली, भिलवडी, किर्लोस्करवाडी, कराड. उसाचे फड, गुऱ्हाळाचा धूर, मधूनच कृष्णा दिसे. कराडच्या पुढे मसूर. लहानसे स्टेशन. गाडी थांबली तेव्हा मुलगी खिडकीतून पाटी वाचत म्हणाली, “हेच ते मसूर का?” तिने शाळेतल्या भाषणासाठी ती हकिकत पाठ केली होती.

हेच ते. १९०१ च्या सुमारास लहानगे भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचा वडिलांना भेटायला साताऱ्याहून गाडीने निघाले ते याच स्टेशनावर उतरले. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते, त्यांना पत्र वेळेवर मिळाले नव्हते, न्यायला कोणी आले नाही. छान कपड्यांतली मुले पाहून स्टेशन मास्तरने आस्थेने चौकशी केली : तुम्ही कोण? मुलाने क्षणाचाही विचार न करता खरे सांगितले, आणि मास्तरांचा चेहरा पालटला. बैलगाडीवाले दुप्पट भाडे घेऊनही गाडी हाकायला तयार नव्हते, मुलांनीच ती हाकायची असे ठरले. रात्री जकात नाक्यावर पाणी मागताना गाडीवाल्याच्या सल्ल्याने आपण मुसलमान आहोत असे सांगितले, तरी पाणी मिळाले नाही. डब्यात भरपूर जेवण होते. पाण्यावाचून ते खाता येईना, म्हणून मुले उपाशी झोपली. बाबासाहेबांनी ही हकिकत स्वतः इंग्रजीत लिहून ठेवली होती, ती त्यांच्या पश्चात १९९० मध्ये पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाली.

मुलगी हे सगळे सांगत होती. समोरच्या बाकावरच्या बाई कानात प्राण आणून ऐकत होत्या. मुलगी म्हणाली, “त्यांनी पहिल्यांदा खरं सांगितलं आणि मग खोटं सांगायला लागलं. दोन्ही वेळेला पाणी नाहीच.” आम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलो. पत्नीने पाण्याची बाटली मुलाच्या हातात दिली. गाडी सुटली. रहिमतपूर, कोरेगाव आणि मग सातारा.

साताऱ्याचे स्टेशन माहुलीला, गावाबाहेर. तेथून वडापने राजवाड्यापर्यंत आलो. हायस्कुलात मुलांची आणि कार्यकर्त्यांची गर्दी होती. हजेरीपटावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे, तिच्याविषयी भाषणे झाली. आईने शाळेच्या उंबरठ्याला हात लावला आणि बाजूला जाऊन बसली. माता भीमाबाईंचे निधन साताऱ्यातच १८९६ मध्ये झाले, हे तिला गाण्यांतून ठाऊक होते. “लेकराची शाळा पाहाले माय नव्हती,” एवढेच बोलली.

मावशींचे घर वस्तीच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी. अजिंक्यतारा तेथून डोक्यावर आल्यासारखा वाटतो. मावशी साठीच्या पुढच्या. जयभीम झाला. आई दारातच विचारती झाली, “कोनत्या गावची वं तू?” “आर्वीकडली हो माय.” आईने तिचे दोन्ही हात धरले. मग पुढचा अर्धा तास त्या दोघी जे बोलल्या त्यातले निम्मे आमच्या मुलांना कळले नाही. त्यांनी ‘मले’ आणि ‘काहून’ ऐकून दोन वर्षे झाली होती.

मावशींचे मडके त्यांच्या लग्नातले. आर्वीहून साताऱ्यापर्यंत त्यांनी ते मांडीवर धरून आणले होते. सासरी पहिल्यांदा रोटी केली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, हे काय कापड वाळत घातलंय? पुढे त्याच सासूबाई आजारपणात रोटीच मागत. अलीकडे दहा-बारा वर्षे मावशींनी मडके काढलेच नव्हते. खाणारे कोणी उरले नाही, सुनांना चपाती बरी पडते, असे त्यांनी सांगितले. आमचा निरोप गेल्यावर त्यांनी माळ्यावरून ते उतरवले, आणि पीठ पहाटेच भिजवून ठेवले होते. लोकवनचे.

अंगणात तीन दगडांवर मडके पालथे पडले. मावशींची पहिली रोटी जरा जाड आली. “सवय गेली व माय,” त्या म्हणाल्या. बरोबर काळा रस्सा नव्हता. साताऱ्याकडचा कांदा-लसूण मसाला घातलेली घेवड्याची उसळ होती. कोरेगावचा वाघ्या घेवडा प्रसिद्धच आहे. आम्ही मनातल्या मनात हिशेब केला : मडके वर्ध्याचे, गहू गुजरातेतल्या वाणाचा, उसळ साताऱ्याची. यात अस्सल नागपुरी काय उरले? नेपल्सच्या संघटनेने हा अर्ज नक्कीच फेटाळला असता. पण पहिला घास तोंडात गेला आणि हिशेब तिथेच राहिला. विस्तवाचा तो किंचित धुरकट वास, कडेचा कुरकुरीतपणा, मधला मऊपणा. आम्ही शाळेतून आल्यावर दप्तर टाकून जी खायचो तीच ही.

आई जेवली नाही. ती परातीपाशी सरकली, बाह्या वर केल्या आणि पिठात हात घातला. तिचे हात आता कापतात. पहिला गोळा झुलवताना फाटला आणि जमिनीवर पडला. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्याला भोक पडले, तरी तिने ती मडक्यावर टाकली, आणि भाजून नातवाला दिली. तिसरी मनगटावरून कोपरापर्यंत उतरली आणि अंगणातल्या उन्हात तिच्यातून पलीकडचा डोंगर दिसला. मग ती थांबेना. अकरा रोट्या केल्या. नंतर स्वतः वाढून घेतले, घडी मोडली आणि चार रोट्या खाल्ल्या. आम्ही मोजल्या, सवयच आहे.

परतीच्या गाडीत उरलेल्या रोट्या ओल्या फडक्यात होत्या. मावशींनी मडके देऊ केले होते, आईने घेतले नाही. “तू कर आता,” असे तिला बजावून आली. कराडच्या सुमारास अंधार पडला. आई हळूच म्हणाली, “घरी काहून नाही करत रे आपन? खरं सांग.” आम्ही खरे सांगितले. तीन घरांचे, चौथ्याचे, फोटोचे. ती ऐकत होती. बराच वेळ झाल्यावर म्हणाली, “नागपुरात रस्त्यावर बसून इकल्या मी. कोनी इचारलं तर सांगत होते. इथं तर फुकट खाऊ घालनार हावो.”

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी गच्चीवर विटांची चूल मांडली. कुंभारदादांचे मडके आदल्या दिवशी आले होते. बाबासाहेबांचा फोटो सकाळीच बाहेरच्या खोलीत, दाराच्या समोर लावला होता. तो पत्नीने लावला, आम्ही खिळा ठोकला. धूर निघाला तसे घरमालक आणि त्यांच्या मंडळी वर आल्या. मंडळींनी विचारले, “आजी, हे काय वो? कुणाकडचं हे?” आई रोटी झुलवत म्हणाली, “आमच्याकडचं. आमी बौद्ध. नागपूरचे.” आणि रोटी मडक्यावर टाकली. काकू जवळ येऊन बसल्या, पिठाला हात लावून पाहिला आणि गहू कोणता ते विचारले. घरमालक कठड्याशी उभे होते. थोड्या वेळाने जिना उतरून गेले. काकूंनी दोन रोट्या आणि रस्सा डब्यात नेला. डबा संध्याकाळी परत आला तो रिकामा नव्हता, त्यात भडंग होते.

डिसेंबरचे भाडे द्यायला गेलो तेव्हा घरमालकांनी पावती लिहून दिली, आणि करार जानेवारीअखेर संपतो याची आठवण केली. पुढचे काही बोलले नाहीत. आम्हीही विचारले नाही, पण या वेळी विचारायचे ठरवले आहे.

मडक्याला बुडाशी केसाएवढी चीर गेली आहे. कुंभारदादा म्हणतात वाळू कमी पडली, दुसरे संक्रांतीनंतर देतो. ७ फेब्रुवारीला माता रमाईंची जयंती आहे. त्या दिवशी साताऱ्याच्या मावशी सांगलीला येणार आहेत, आणि इथल्या महिला मंडळातील सात-आठ जणींनी रोटी शिकायला नावे दिली आहेत. खपली आणू नका, लोकवनच आणा, असे आईने सगळ्यांना दोनदा बजावले आहे.